दोन दगड

माझे आजोबा सोलापुरात गिरणी कामगार होते. संपात ते लाल बावट्याखाली सर्वांच्या बरोबरीने चालत. मोर्चा पांगला की पिण्याचे पाणी मात्र वेगळे. घरातला पहिला पदवीधर म्हणून वर्गात चित्रपटावर बोलताना मला ते पाणी आठवते.

श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ (१९७४) डाव्या जाणिवेतून घडलेला महत्त्वाचा चित्रपट. जमीनदाराने लक्ष्मीला भोगले, तिच्या मुक्या-बहिऱ्या नवऱ्याला चाबकाने फोडले. लक्ष्मी शिव्याशाप देते आणि शेवटी एक पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. हे ऋण मान्यच. ‘अंकुर’मध्ये जातही दिसते, पण जाब विचारला जातो तो एकट्या जमीनदाराला. उरलेले गाव सुटते. प्रेक्षकही सुटतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) कुणी सुटत नाही. कैकाडी घरातला जब्या डुकरामागे धावतो आणि सारे गाव हसत तमाशा बघते. मेलेले डुक्कर बांबूला टांगून हे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. ही अप्रतिष्ठा मजुरी वाढवून मिटणारी नाही. जब्याचा शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो.

जात श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते. डाव्या चित्रपटाने आपल्याला पहिला दगड दिला. दुसरा आमच्या पोराला स्वतःच उचलावा लागला. तो कुणाला लागला, याचा हिशेब कॉम्रेड मित्रांनी प्रामाणिकपणे मांडावा. मोर्चात शेजारी चालणाऱ्याच्या हातचे पाणी आपण प्यालो होतो का, येथून सुरुवात करावी.