मल्लकथेतील सातत्य : एक टिपण

मल्लांच्या वैरकथेचे बळ निकालापेक्षा त्याच्या स्मरणात असते. महाळुंगे पडवळच्या परिसरात, म्हणजे आंबेगाव-जुन्नर भागात, यात्रेच्या आखाड्यात बरोबरीत सुटलेली जोड प्रेक्षक पुढील यात्रेपर्यंत मनात वागवितात. याचे ठळक उदाहरण गामा व झिबिस्को यांचे. १९१० साली लंडनमध्ये त्यांची कुस्ती सुमारे अडीच तास चालून निकालाविना थांबली. १९२८ मध्ये पतियाळास गामाने त्याच मल्लास मिनिटाच्या आत चीत केले. त्या क्षणाला अर्थ दिला तो अठरा वर्षांच्या प्रतीक्षेने. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरविता येतो. प्रेक्षकांची पूर्वस्मृती मात्र ठरविता येत नाही. म्हणून मागील पराभव विसरून रचलेली नवी लढत कथेत भर घालीत नाही. ती केवळ संख्या वाढविते.