मँडेलबाम फाटकाच्या दोन्ही बाजूंना

पवित्र भूमीच्या यात्रेहून परतलेली धर्मग्रामातील मंडळी मोठ्या प्रेमाने आमच्या हाती ऑलिव्हच्या लाकडाचा क्रूस किंवा यार्देन नदीच्या पाण्याची कुपी ठेवतात. गेथशेमनी पाहिले, प्रभूच्या कबरीचे दर्शन घेतले, असे भरभरून सांगतात. ‘तेथे राहतात कोण?’ असे विचारले, की मात्र बहुधा सारे गप्प होतात. आम्हांलाही हा प्रश्न उशिराच पडला. काय बर्ड या अमेरिकन लेखकाच्या ‘क्रॉसिंग मँडेलबाम गेट’ (२०१०) या आत्मकथनाने तो अधिक टोकदार केला.

१९४८ च्या युद्धाने जेरुसलेम दुभंगले. जुन्या शहरासह पूर्वभाग जॉर्डनकडे गेला, पश्चिमभाग इस्राएलकडे राहिला. मध्ये काटेरी तारा आणि सुरुंग. ये-जा करण्यासाठी एक नाके होते. मँडेलबाम नावाच्या यहुदी व्यापाऱ्याचे घर पूर्वी तेथे उभे होते, म्हणून ते मँडेलबाम फाटक. नाताळात इस्राएलमधील अरब ख्रिस्ती परवाना घेऊन याच वाटेने बेथलेहेमला जात व दुरावलेल्या आप्तांना भेटत. जानेवारी १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनीही इस्राएलच्या हद्दीतून परतताना हेच फाटक ओलांडले. जून १९६७ च्या युद्धानंतर ते नाहीसे झाले.

बर्ड यांचे वडील अमेरिकन वकिलातीत अधिकारी होते. १९५६ साली चार वर्षांचा काय शेख जर्राह या पूर्वेकडील वस्तीत राहावयास आला आणि शाळेसाठी फाटक ओलांडून पश्चिमेस जाऊ लागला. शेजार अरबांचा, शाळा पलीकडची. ज्यांची घरे १९४८ साली गेली, त्यांचे दुःख त्याच्या बालपणाला वेढून होते. पुढे त्यांचा विवाह झाला तो नाझी छळातून वाचलेल्या यहुदी कुटुंबातील कन्येशी. या दोन दुःखांना एकाच तराजूत न तोलता शेजारी-शेजारी बसविणे, हे या ग्रंथाचे खरे बळ होय. सप्टेंबर १९७० च्या विमान-अपहरणात त्यांची तेव्हाची मैत्रीण ओलीस होती. त्या प्रसंगाकडेही ते केवळ संतापाने पाहत नाहीत.

ग्रंथात उणिवाही आहेत. शीर्षकातील शहर लवकरच मागे पडते. सौदी अरेबिया, इजिप्त आणि राजकारणाच्या इतिहासात तो शाळकरी मुलगा हरवून जातो. दुसरी उणीव अधिक खोल आहे. लेखकाला जी शाळेची वाट होती, ती शेजाऱ्याला भिंत होती. पारपत्राच्या बळावर दोन्हीकडे वावरणाऱ्याला दोन्ही बाजू समजून घेणे सोपे असते. लेखक हे लपवीत नाही; परंतु जे पलीकडे जाऊच शकत नव्हते, त्यांचा आवाज आम्हांला अधिक ऐकावयास हवा होता.

तरीही, वाचकहो, हा ग्रंथ वाचाच. फाटके केवळ जेरुसलेमात नसतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत अनेक कुटुंबांनी ‘आपल्या’ लोकांच्या वस्त्या जवळ केल्या. भय खरे होते, त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. पण ती सवय भयानंतरही उरली. आजही एखादे कुटुंब आमच्याकडे पत्र मागावयास येते: अमुक इसम आमच्या धर्मग्रामातील कॅथोलिक आहेत, सबब त्यांस सोसायटीत जागा द्यावी. अशी पत्रे आम्ही लिहून दिली आहेत. त्या जागेसाठी आणखी कोण आले होते, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

हा ग्रंथ वाचल्यानंतरही असे एक पत्र आम्ही लिहिले. गरजू कुटुंब होते. नकार देण्याचे धैर्य झाले नाही. पण सही करण्यापूर्वी प्रथमच आमचा हात थांबला. आपल्या सोसायटीच्या सभेत हा विषय निघेल, तेव्हा आपणही क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.