‘ओळखीचे नियम’ : नियम की अपेक्षा?

मायक्रोसॉफ्टमध्ये ओळखव्यवस्थेचे रचनाकार असलेल्या किम कॅमेरॉन यांनी २००५ मध्ये ‘ओळखीचे नियम’ हा निबंध प्रसिद्ध केला. ग्राहक संगणकाला ‘मी कोण’ हे कसे पटवतो, या रूक्ष विषयावर इतके स्वच्छ लेखन विरळाच.

नियम सात आहेत. सर्वांत मोलाचा दुसरा : कामापुरतीच माहिती मागावी. वयाची अट तपासायची तर ‘अठरा पूर्ण’ एवढे कळणे पुरे; जन्मतारीख कशाला? (आपल्या शाळेचे प्रवेश-अर्जही या कसोटीवर एकदा तपासून पाहावेत.)

आक्षेप आहे तो ‘नियम’ या शब्दाला. कॅमेरॉन म्हणतात, ही निरीक्षणातून आलेली, तपासता आणि खोडता येणारी गृहीतके आहेत. ठीक, मग तपासू या. तिसरा नियम सांगतो की, व्यवहारात ज्याचे स्थान समर्थनीय असेल त्यालाच माहिती मिळावी. १९९९ मध्ये सुरू झालेली मायक्रोसॉफ्टची ‘पासपोर्ट’ सेवा इतरांच्या संकेतस्थळांवर रुजली नाही, याचे कारण ते येथे शोधतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये हा तिसरा कशाला? पण २००८ नंतर फेसबुकच्या, गूगलच्या खात्याने परक्या संकेतस्थळांत शिरणे असंख्य लोकांनी विनातक्रार स्वीकारले. म्हणजे भाकीत म्हणून हा नियम फसला. उरला तो ‘असे असावे’ हा आग्रह. गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडता येत नाही. वाहतुकीचा येतो, म्हणून चौकात पोलीस लागतो.

नियमांबरहुकूम घडवलेली ‘कार्डस्पेस’ प्रणाली मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये सोडून दिली. दुसऱ्या नियमातले तत्त्व मात्र युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण कायद्यात दंडाच्या तरतुदीसह आहे.