मुंबईचा शेजार आणि मराठी वाङ्मय

नाना प्रांतांचे, धर्मांचे आणि भाषांचे लोक पोटासाठी ज्या नगरात एकत्र येतात, त्या नगराचे चित्र तेथील वाङ्मयात कितपत उमटले आहे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. मुंबईच्या बाबतीत तर तो मराठी भाषेच्या भवितव्याशीच निगडित आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ लक्ष होते. २०११ मध्ये ते सुमारे ४४ लक्ष भरले. त्याच दशकात हिंदी मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारे २६ लक्षांवरून ३६ लक्षांवर गेली. हे आकडे पाहून मराठी मनास हुरहूर वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु हुरहुरीने शेजार बदलत नाही. त्या शेजाराकडे आमच्या लेखकांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, हे तपासणे अधिक उपयोगाचे होईल असे आम्हांस वाटते.

या विषयातील आद्य मान गोविंद नारायण माडगांवकर यांचा. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, आणि कापडाच्या गिरण्यांचा आरंभकाळ होता. अशा वाढत्या शहरातील हिंदु, पारशी, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती अशा सर्वांची नोंद हा चौकस शिक्षक मोठ्या नवलाईने करतो. परंतु ही दृष्टी मोजदाद करणाराची आहे. लोकांचे धंदे, पेठा व देवस्थाने आपणांस कळतात; माणूस मात्र स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. एवढ्या मोठ्या उपक्रमाच्या आरंभी याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल. दोष असेलच तर तो पुढच्यांचा, कारण त्यांतील बहुतेकांनी ही मोजदादही सोडून दिली.

आमच्या पांढरपेशा वर्गाचे लाडके पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). हिच्यातील बिऱ्हाडे जातींनी भिन्न असली तरी बहुतांशी मराठीच आहेत. ‘व्यक्ति आणि वल्ली’तील पेस्तनकाकांच्या रूपाने एक पारशी गृहस्थ भेटतात, आणि त्यांच्या बोलीवर आपण पोटभर हसतो. ते हसणे प्रेमळ आहे यात संशय नाही. तथापि ती ओळख आगगाडीच्या डब्यातली, प्रवासापुरती. याचे कारण लेखकाच्या मनाचा संकोच हे नव्हे. गिरगाव, दादर, पार्ले येथे आम्ही आपापल्या माणसांत राहिलो. परभाषिकाशी आमची गाठ पडली ती दुकानाच्या फळीवर, नाहीतर गाडीत. जेवढा सहवास, तेवढेच वाङ्मय.

सहवास बदलताच वाङ्मय कसे बदलते, याचा पुरावा नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहात मिळतो. त्यातील त्याच नावाच्या कवितेत याकूब नालबंदवाला आणि आफ्रिकी चाचा हे कवीचे गुरुजन म्हणून येतात. याकूब दंगलीत मारला जातो, तेव्हा वाचकास एका जमातीचा प्रतिनिधी नव्हे, तर घरचे माणूस गेल्याचे दुःख होते. सुर्व्यांनी येथे सहिष्णुतेचा उपदेश केलेला नाही; बरोबर राबणाऱ्या माणसाला फक्त नावाने हाक मारली आहे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) याच्याही पुढे जातो. कामाठीपुऱ्याच्या आसपासची मराठी, हिंदी, उर्दू यांची सरमिसळ त्यांच्या कवितेचे रक्तमांसच झाली आहे. मुंबईत जन्मलेल्या विजय तेंडुलकरांना प्रस्तावना लिहिताना कित्येक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले! एकाच शहरातील दोन मराठी वस्त्यांमधले अंतर किती, हे याहून स्पष्ट कशाने व्हावे?

‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) ही कादंबरी मराठीत लिहिणारे किरण नगरकर यांनी एका चाळीतील मराठी हिंदु आणि गोवेकर ख्रिस्ती मुलांची जोडकथा सांगितली, ती मात्र ‘रावण अँड एडी’ (१९९५) या नावाने इंग्रजीत. लेखकास भाषा निवडण्याचा पूर्ण अधिकार आहे. तरीही दोन मजल्यांची ही गोष्ट मराठीच्या हातून निसटली, याची चुटपुट आम्हांस लागून राहते.

यावर कोणी म्हणतील की, अशा शेजाराने भाषा भ्रष्ट होते. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर (१९६५) आचार्य अत्रे यांनी कडाडून हल्ला चढविला होता, हे वाचकांस स्मरत असेल. या भीतीत थोडे तथ्य आहे. केवळ रस्त्यावरचे शब्द उचलल्याने कोणी थोर लेखक होत नाही. परंतु भाषेचे सामर्थ्य तिच्या सोवळेपणापेक्षा तिच्या दत्तक घेण्याच्या शक्तीत अधिक असते. कोकणातील बेने इस्राएल समाजाने मराठी ही मातृभाषाच केली. इस्राएलात स्थायिक झाल्यावरही त्यांच्यापैकी कित्येकांनी ती जपली. आणि परका म्हणावे तरी कोणाला? १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरीहून गिरणीत आलेला आमचा गाववालाही त्यांतलाच.

आज दूध घालणारा, टॅक्सी हाकणारा, दारावर पहारा करणारा परप्रांतीय प्रत्येक मराठी घराशी रोज दोन शब्द बोलतो. आमच्या कथा-कादंबऱ्यांत मात्र तो बहुधा दार उघडण्यापुरताच येतो. त्याला मराठी यावी अशी आमची रास्त मागणी आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही. परंतु ज्या भाषेत त्याची गोष्टच नाही, ती भाषा त्याने हौसेने का शिकावी? कायद्याने पाट्या मराठीत होतील. तो पाटीखालून आत येऊन बसेल, हे काम लेखकांचे आहे. आणि जो लेखक त्याला आत घेईल, त्याचे पुस्तक विकत घेऊन वाचणे, हे आमचे व वाचकांचे.