सोसणे आणि तगणे : मार्शा लिनेहान यांच्या कौशल्यविचाराचे एक वाचन

एका महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाबाहेर मध्यंतरी एक मराठी तक्ता पाहण्यात आला. शीर्षक होते, ‘दुःखसहनशीलता वाढवण्याची कौशल्ये’. खाली क्रमाने सूचना होत्या : थंड पाण्याने चेहरा धुवा, श्वास संथ करा, मन दुसरीकडे वळवा, परिस्थितीचा पूर्ण स्वीकार करा, चेहऱ्यावर हलके स्मित ठेवा. मी त्या टिपून घेत होते, तेव्हा फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. तक्ता वाचून म्हणाल्या, “सोसायचं शिकवायला वर्ग कशाला लागतो ताई? ते आम्हाला न शिकवताच येतं.”

हे वाक्य हसून सोडून देण्यासारखे नव्हते. त्या तक्त्यावरची प्रत्येक सूचना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ (पुढे ‘डीबीटी’) या उपचारपद्धतीतून आलेली होती. आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांना जिवंत ठेवण्यासाठी रचलेली ही कौशल्ये मराठी तक्त्यावर येताच सोशिकपणाचा धडा वाटू लागतात. हा दोष भाषांतराचा, प्रसाराचा, की मूळ विचाराचाच? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे.

रुग्ण आणि उपचारक

लिनेहान यांचा जन्म १९४३ सालचा, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातला. मार्च १९६१मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे त्या सव्वादोन वर्षांच्या आसपास होत्या. स्वतःला सतत इजा करत असल्यामुळे त्यांना बराच काळ एकांत खोलीत ठेवले गेले. औषधे झाली, विजेचे झटके झाले. गुण आला नाही. या नरकातून आपण बाहेर पडू आणि मग परत येऊन इतरांना बाहेर काढू, अशी शपथ त्यांनी त्या काळात घेतली होती.

पुढे शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून त्यांनी १९७१मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन व संशोधन केले. आपला भूतकाळ मात्र त्यांनी २०११पर्यंत जाहीर केला नाही. त्या वर्षी, वयाच्या ६८व्या वर्षी, त्यांनी तो सांगितला. तोही त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात जाऊन. २०२०मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

ही कहाणी स्फूर्तिदायक म्हणून सांगितली जाते. ती वाचताना माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. दीर्घकाळ आत्महत्येच्या विचारात असलेल्या स्त्रियांवर लिनेहान यांनी आधी रूढ वर्तनोपचाराचा प्रयोग केला. विचार बदला, वागणे बदला, हा त्याचा गाभा. त्या स्त्रिया बिथरल्या. ‘म्हणजे चूक माझीच’ असे त्यांनी ऐकले. मग नुसता स्वीकार आणि सहानुभूती देऊन पाहिली, तर ‘म्हणजे माझे दुःख हटणारच नाही’ असा त्याचा अर्थ लागला. बदल आणि स्वीकार ही दोन टोके एकाच वेळी हातात धरण्याची गरज या दुहेरी अपयशातून पुढे आली. पद्धतीच्या नावातले ‘डायलेक्टिकल’ ते हेच. मराठीत याला कधी ‘द्वंद्वात्मक’ म्हणतात, पण त्यात कुस्तीचा वास येतो. आपल्याकडच्या मार्क्सवादी लेखनात रूढ झालेला ‘विरोधविकास’ हा शब्द अधिक नेमका आहे : परस्परविरोधी दोन गोष्टी एकमेकींना न संपवता पुढे नेतात.

मराठी वाचकाला मानसोपचारातली कौशल्ये मुख्यतः दुसऱ्या वाटेने परिचित आहेत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि आनंद नाडकर्णी यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी ती घराघरांत नेली. अविवेकी समजूत ओळखायची, तिच्याशी वाद घालायचा, ही तिची रीत. ती समर्थ आहेच. पण भावना शिगेला पोहोचलेली असताना माणूस वाद घालण्याच्या अवस्थेत नसतो. लिनेहान यांचा विचार नेमका त्या घटकेपासून सुरू होतो.

त्या घटकेपुरते

डीबीटीमध्ये कौशल्यांचे चार गट आहेत : सजगता, तीव्र यातनेत तगून राहणे, भावनांचे नियमन आणि नातेसंबंधांतली परिणामकारकता. तक्त्यावर होता तो फक्त दुसरा गट.

या गटातली पहिली तजवीज शरीराची आहे. श्वास रोखून चेहरा काही सेकंद गार पाण्यात धरला, तर पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत आढळणारी प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणूनच हृदयविकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, असे बजावले जाते. तक्त्यावर ही सूचना नव्हती. जोडीला थोडा वेळ जोरकस व्यायाम, उच्छ्वास लांबवणारे श्वसन, स्नायू आवळून सैल सोडणे. यांत तत्त्वज्ञान काही नाही. उसळलेले शरीर खाली आणले, की उसळलेले मन काही मिनिटे तरी ऐकण्याच्या स्थितीत येते, एवढाच हिशेब.

त्यानंतर लक्ष वळवणे, पाच ज्ञानेंद्रियांतून स्वतःला धीर देणे, आततायी कृतीचे फायदे-तोटे आधीच कागदावर मांडून ठेवणे. या सर्वांना लिनेहान यांनी एक अट घातली आहे, आणि माझ्या मते ती अट हाच या गटाचा प्राण आहे. ही कौशल्ये संकटकाळची आहेत. प्रश्न लगेच सुटण्यासारखा नाही आणि आता काही वेडेवाकडे केले तर तो आणखी बिघडेल, अशा वेळी वापरायची. रोजच्या जगण्याचे प्रश्न त्यांनी सोडवायचे नाहीत. उलट, प्रश्न सुटण्यासारखा असेल तर आधी तो सोडवा, असेच त्यांची मांडणी सांगते.

स्वीकाराची कौशल्ये याच गटात येतात आणि घोटाळा तेथे होतो. लिनेहान यांच्या स्वीकाराची मुळे त्यांच्या कॅथलिक श्रद्धेत आणि पुढे झेन साधनेत आहेत. त्यांच्या लेखी स्वीकार म्हणजे पसंती नव्हे, माफी नव्हे, आणि बदलाचा त्याग तर नव्हेच. जे घडले ते घडले आहे हे नाकारत राहिल्याने वेदनेचे यातनेत रूपांतर होते. ते मान्य केले की पुढची हालचाल शक्य होते. हलक्या स्मिताची सूचनाही चेहऱ्याचे स्नायू सैल करून मनाला तसा निरोप देण्यासाठी आहे. ताणून आणलेले हसू लपवाछपवी करते, असा इशाराही त्यांनी दिला आहे. आपल्या तक्त्यावर उरले ते ‘चेहऱ्यावर हलके स्मित ठेवा’. सासरी नांदणाऱ्या मुलीला ही सूचना नवी नाही.

पुरावा काय सांगतो

डीबीटीच्या बाजूने पुरावा भक्कम आहे, पण तो नीट वाचायला हवा. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या नियंत्रित चाचणीत वर्षभराच्या उपचारानंतर स्त्रियांमधील स्वतःला इजा करण्याचे प्रमाण घटले, रुग्णालयातले दिवस घटले, उपचार अर्धवट सोडणेही घटले. नैराश्य आणि हताशा यांबाबत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. म्हणजे या स्त्रिया जगल्या, पण सुखी झाल्या असे म्हणता येत नव्हते. लिनेहान यांनाही हे ठाऊक होते. जिवावरचे संकट टळल्यावर माणूस मूक हताशेच्या टप्प्यात येतो आणि खरे काम तेथून पुढे असते, असे त्यांच्या टप्प्यांच्या आराखड्यातच म्हटले आहे.

२००६च्या चाचणीत १०१ स्त्रिया होत्या. इतर अनुभवी तज्ज्ञांच्या उपचारांच्या तुलनेत डीबीटी गटात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे निम्मे राहिले. मात्र २००९मध्ये टोरोंटोत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत डीबीटी आणि सुसूत्र मनोवैद्यकीय देखभाल यांचे परिणाम तुल्यबळ ठरले. दोन्ही गट सुधारले. तेव्हा गुण केवळ या कौशल्यांचा, असे ठामपणे म्हणता येत नाही.

२०१५च्या चाचणीत पद्धतीचे भाग सुटे करून पाहिले गेले. कौशल्यवर्ग असलेल्या गटांत स्वतःला इजा करण्याचे प्रमाण अधिक घटले. कौशल्यांच्या बाजूने हा मोठा पुरावा. पण ज्या गटाला केवळ कौशल्ये शिकवली, त्यालाही आठवड्याचा वर्ग होता आणि अडीअडचणी पाहणारा माणूस नेमलेला होता. संपूर्ण डीबीटीत तर आठवड्याची वैयक्तिक भेट, गटवर्ग, अडल्या वेळी उपचारकाला फोन करण्याची मुभा आणि उपचारकांची आपसांतली बैठक, असे चार खांब असतात. भिंतीवरचा तक्ता यांपैकी कशातही बसत नाही.

माणसाविना कौशल्ये वाटली तर काय होते, याची चुणूक ऑस्ट्रेलियातल्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. एक हजाराहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात काही वर्गांना डीबीटीवर आधारित कौशल्यांचा आठ आठवड्यांचा पाठ सरसकट देण्यात आला. पाठ संपल्यावर त्या मुलांची चिंता आणि नैराश्य कमी झाले नाही. इतरांच्या तुलनेत स्थिती काहीशी बिघडली आणि आईवडिलांशी असलेल्या नात्यावरही परिणाम दिसला. घरी सराव करणाऱ्या मुलांना मात्र त्यातल्या त्यात बरा अनुभव आला. ज्याला ठेच लागलेली नाही त्याला मलमपट्टी शिकवण्यातून काय निष्पन्न होते, आणि ज्याला लागली आहे त्याला एकट्याला सोडल्याने काय होते, हे दोन्ही प्रश्न या अभ्यासाने उभे केले.

गाळलेला अर्धा भाग

लिनेहान यांच्या सिद्धान्तानुसार तीव्र भावनिक यातना दोन गोष्टींच्या संगमातून घडते : जन्मजात हळवेपणा, आणि भावनेची दखलच न घेणारे भोवताल. ‘त्यात रडण्यासारखं काय आहे’, ‘उगाच नाटकं करू नकोस’, ‘तुझं आपलं काहीतरीच’, ही त्या भोवतालाची मराठी. म्हणजे मूळ सिद्धान्तात घर आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. कौशल्यांच्या चौथ्या गटात मागणी कशी करावी, नाही कसे म्हणावे, स्वाभिमान कसा राखावा, याचे तपशीलवार पाठ आहेत. प्रसारात नेमके हेच गळते. पाणी, श्वास आणि स्मित तक्त्यावर येतात. ‘नाही म्हणायला शिका’ येत नाही. पहिल्या प्रकाराने कुणाचे काही बिघडत नाही, दुसऱ्याने बिघडते.

लिनेहान यांच्याकडेही थोडा हिशेब मागायला हवा. सिद्धान्तात भोवताल अर्धा दोषी असला, तरी प्रौढांवरच्या उपचारात बहुतेक गृहपाठ रुग्णाच्याच माथी येतो. किशोरांसाठी पुढे झालेल्या रूपांतरात कुटुंबाला वर्गात बसवले गेले, ही त्याच उणिवेची कबुली म्हणायची. ज्या व्यक्तिमत्त्व-विकारासाठी ही पद्धती घडली, त्याचे निदान स्त्रियांच्या वाट्याला अधिक येते. जुडिथ हर्मन यांनी १९९२मध्येच दाखवून दिले होते की अशा अनेक स्त्रियांच्या मागे अत्याचाराचा इतिहास असतो आणि तो न पाहता स्वभावाला दोष दिला जातो.

आपल्याकडे ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालानुसार देशात आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. या स्त्रियांना सोसता येत नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील? देशात लाख लोकांमागे पुरता एक मनोविकारतज्ज्ञही नाही. त्यामुळे संपूर्ण डीबीटी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहणार आणि कौशल्येच तेवढी हाती येणार, हे उघड आहे. म्हणून तर ती कोणत्या शब्दांत हाती येतात याला महत्त्व.

शब्दांची निवड

‘सहनशीलता’ हा शब्द आधी काढून टाकावा. सोसण्याला आपल्या भाषेत शेवट नाही. ते गुण म्हणून वाखाणले जाते आणि पिढीजात सोपवले जाते. त्याऐवजी ‘तग धरणे’ हा शब्द माझ्या मते जवळचा आहे. पावसाने ओढ दिली की शेतकरी विचारतो, पीक तग धरील का? त्या प्रश्नात पाऊस येणार हे गृहीत असते आणि त्याची वाट पाहणे असते. पाऊस नकोच, पिकाने तग धरत राहावे, असे कुणी म्हणत नाही.

‘पूर्ण स्वीकार’ म्हटले की आपल्याकडे प्रारब्ध आणि भोग हे शब्द न बोलावता येतात. ‘वस्तुस्थितीची कबुली’ म्हटले तर अर्थ पालटतो. ‘हा माणूस मला मारतो आणि तो आपोआप बदलणार नाही’ ही कबुली आहे. तिच्यातून घराबाहेरचा रस्ता दिसू शकतो; स्वीकाराच्या नावाखाली तोच बंद होऊ शकतो. लिनेहान आडमुठ्या नकारासाठी जो शब्द वापरतात, त्याचेही ‘हट्ट’ असे भाषांतर करू नये. ‘हट्टी आहेस’ हे आपल्या मुलींनी पुरेसे ऐकले आहे.

त्या तक्त्यावर आणखी तीन ओळी हव्या होत्या. एक, हे तेवढ्या घटकेपुरते आहे. दोन, घटका टळली की त्रास कशाचा होता ते कुणाला तरी सांगायचे आहे, आणि बदल मागायचा आहे. तीन, सांगायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे.

मावशींना उत्तर द्यायला मला तेव्हा सुचले नव्हते. आज इतके म्हणता येईल, की सोसणे त्यांना येते हे खरेच, आणि वर्ग त्यासाठी नकोच आहे. तो हवा आहे तो वादळाची वीस मिनिटे पार करायला, आणि त्यानंतर तोंड उघडायला.