झाबवालाबाईंचा हिंदुस्थान आणि जूडीचे घर

रूथ प्रॉव्हर झाबवाला हे नाव आपल्याकडे ठाऊक आहे ते बहुधा चित्रपटांमुळे. मर्चंट-आयव्हरी या जोडीसाठी लिहिलेल्या पटकथांना दोनदा ऑस्कर मिळाले, आणि 'हीट अँड डस्ट' या कादंबरीला १९७५ साली बुकर पारितोषिक लाभले. तो सारा लौकिक क्षणभर बाजूला ठेवून आम्ही येथे त्यांच्या दोन लेखनांकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एक, १९६५ सालची 'अ बॅकवर्ड प्लेस' ही कादंबरी. दुसरे, १९७१ च्या 'ॲन एक्सपीरियन्स ऑफ इंडिया' या संग्रहातील 'मायसेल्फ इन इंडिया' हा निबंध. विवाहामुळे परक्या देशी आलेली स्त्री तेथे रुजते की नाही, हा प्रश्न दोहोंत आहे. उत्तरे मात्र निराळी आहेत, आणि निबंधापेक्षा सहा वर्षे आधीच्या कादंबरीला अधिक कळले होते, असे आमचे मत आहे.

निबंध हाती घेण्यापूर्वी बाईंचे चरित्र ध्यानात घ्यावे. १९२७ साली जर्मनीतील कलोन शहरी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाझी राजवटीतून निसटून हे कुटुंब १९३९ साली इंग्लंडला पोहोचले. मागे राहिलेल्या आप्तांचे काय झाले ते कळल्यावर वडिलांनी १९४८ साली आपले जीवन संपविले. १९५१ साली सायरस झाबवाला या पारशी वास्तुशिल्पकाराशी विवाह करून रूथबाई दिल्लीस आल्या. चोविसाव्या वर्षी हा त्यांचा तिसरा देश. आणि आधीच्या दोहोंपैकी ज्याला जन्मभूमी म्हणावे, त्या देशाने त्यांच्या गोतावळ्याचा नायनाट केलेला. माहेर या शब्दात आपल्या लेकीबाळींना जे जे आठवते, त्यातले या नव्या वधूपाशी काय उरले होते? पुढे १९७९ साली एडिंबरा येथील व्याख्यानात, आपल्याला कोणत्याच भूमीचा वारसा नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या तक्रारखोर स्वरावर रागावणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

निबंधाचा आशय असा. भारतात आलेल्या परदेशी माणसास आधी येथले सारेच मोहक वाटते. मग तितकेसे वाटत नाही. मग सारेच असह्य होते. काहींचे येथे संपते, काहींचे चक्र पुन्हा आरंभापासून फिरू लागते, आणि आपण त्या चक्राला बांधलेल्या आहोत, असे बाई म्हणतात. घरातील इतर सर्व भारतीय असताना आपण मात्र दरवर्षी अधिकच परक्या होत गेलो, हेही त्या लपवीत नाहीत. दारे-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वातानुकूलन यंत्र चालू आणि बाहेर रणरणते ऊन व दारिद्र्य. या खोलीत बसून त्या लिहितात. येथल्या भजनांची ओढ वाटते, त्यात विरून जावे असेही वाटते, पण ते आपल्याला साधणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. कुतूहल आपल्याला भारताचे नसून भारतातल्या स्वतःचे आहे, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे. असा प्रामाणिकपणा दुर्मिळ. निस्सीम इझिकेल यांच्यासारख्या चोखंदळ माणसानेही 'हीट अँड डस्ट'ची कठोर झाडाझडती घेतली. भारताची बदनामी हा आरोप तर बाईंवर पुष्कळदा झाला. आम्हांला तो फारसा पटत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. त्या निबंधात माणसे नाहीत. पती व मुली ओझरत्या येतात आणि जातात. वीस वर्षांचा संसार झाला, परंतु स्वयंपाकघरात कोण वावरत असे, सासरच्या माणसांशी बोलणे कोणत्या भाषेत होई, आजारपणात उशाशी कोण बसे, यांतले काहीच कळत नाही. समोर उभा आहे तो 'भारत' नावाचा एक अवाढव्य प्राणी, आणि त्याच्याशी एकटी झुंजणारी बाई. १९७१ च्या जनगणनेनुसार या देशाची लोकसंख्या पंचावन्न कोटींच्या घरात होती. एवढ्या मोठ्या गोष्टीशी कोणत्या वधूची ओळख होणार? तिची गाठ पडते ती घरातल्या पाच-सात माणसांशी.

याच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलखातले आहे. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह इव्होन यांनी १९३२ साली विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला व त्या सावित्री खानोलकर झाल्या. त्या मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि परमवीर चक्राची आकृतीही त्यांच्याच हातची. १९९० साली त्या निवर्तल्या. त्यांचे जीवन थोरच. पण आपल्याकडे हे उदाहरण ज्या उत्साहाने सांगितले जाते, त्याची आम्हांस थोडी धास्ती वाटते. पूर्वीची सारी खूण पुसून टाकलेली सूनच तेवढी चांगली, असा एक मापदंड त्यातून नकळत तयार होतो. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली आज कॅनडापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पांगली आहेत. बाहेरची सून घरात येते तेव्हा ती हाताने जेवते का, साडी नेसते का, याची चर्चा चर्चच्या आवारात आधी होते. आणि आपली मुलगी तिकडे गेली की तिने मात्र आपले काही सोडू नये, हाही आग्रह आपलाच!

आता कादंबरीकडे वळू. 'अ बॅकवर्ड प्लेस'मधील जूडी ही साधी इंग्रज मुलगी. पती बाल हा नट. हातात काम थोडे, डोक्यात बेत फार. दिल्लीत ती एका सांस्कृतिक संस्थेत नोकरी करते आणि घर चालविते. घरात दीर, जाऊ, मुले आणि भुआजी नावाची वृद्ध आत्या. तिच्या भोवती लेखिकेने आणखी काही युरोपीय स्त्रिया उभ्या केल्या आहेत. त्यांतली एट्टा ही हंगेरियन स्त्री विसरता येत नाही. उतरत्या वयाला रंगरंगोटीने थोपवीत, सदनिका युरोपच्या थाटात सजवून ती भारताला शिव्याशाप देत बसते आणि जूडीलाही येथून निघून जाण्याचा उपदेश करते. या एट्टाचे घर वाचताना आम्हांला पुढील निबंधातली ती पडदे ओढलेली खोली आठवली. १९७१ साली जी जागा लेखिकेने स्वतःची म्हणून सांगितली, ती १९६५ साली तिने एट्टाला देऊन ठेवली होती, आणि तेव्हा ती तिच्याकडे हसतही होती, कीवही करीत होती.

जूडी कशी रुजते? तिने भारतावर प्रेम करण्याचा निश्चय वगैरे केलेला नाही. इंग्लंडातील तिचे बालपण दारे लावून, कोणाच्या अध्यातमध्यात न पडता जगणाऱ्या घरातले. येथे दारे उघडी, माणसांची सतत ये-जा, भांडणेही सर्वांदेखत. त्याचा तिला त्रास होतो आणि आधारही होतो. कोणी तिला काही शिकवीत नाही, तीही मुद्दाम शिकत नाही. ती फक्त त्या घरात असते. अखेरीस हातची नोकरी सोडून, बालच्या भरवशावर (तो भरवसा कितपत, हे वाचकास ठाऊकच असते!) मुंबईस जाण्याचा निर्णय ती घेते. हा निर्णय शहाणपणाचा नव्हे. पण देवावर हवाला ठेवून उद्याकडे पाहण्याची भुआजींची रीत जूडीत कधी उतरली, ते तिला स्वतःलाही कळलेले नसते. लेखिकेने तेथे भाष्य केलेले नाही, आणि तेच योग्य झाले.

पुरुषाच्या बाबतीत बाई इतक्या उदार नाहीत. 'एस्मंड इन इंडिया' (१९५८) मधला इंग्रज नवरा एस्मंड आपल्या भारतीय पत्नीच्या, गुलाबच्या, खाण्यापिण्याचा व बसण्याउठण्याचा तिटकारा करीत दिल्लीत राहतो. शेवटी तीच त्याला सोडून आईकडे जाते. 'हीट अँड डस्ट'मध्ये १९२३ सालची ऑलिव्हिया ब्रिटिश अधिकाऱ्याचे घर सोडून नवाबाकडे जाते व उरलेले आयुष्य डोंगरातील एका गावी काढते. परंतु त्या वर्षांविषयी कादंबरी जवळजवळ मूक आहे. पळून जाण्याची कथा सांगितली, राहण्याची राहिली. बुकर मिळविणाऱ्या या कादंबरीत आम्हांला जूडीच्या घराची आठवण होत राहिली ती यामुळेच.

बाईंचे नाव रूथ. तेव्हा बायबलमधील रूथची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिने सासूला दिलेले वचन आपण विवाहप्रसंगी ऐकतो व तेथेच थांबतो. पुढचे वाचले तर दिसते की बेथलेहेमला आल्यावर, शेतात सरवा वेचताना आणि थेट चौथ्या अध्यायात बवाज तिच्याशी विवाह जाहीर करतो तेव्हाही, तिला 'मवाबी' असेच म्हटले जाते. तिला मुलगा होतो तेव्हा शेजारणी म्हणतात की नामीला मुलगा झाला! दाविदाची पणजी होऊनही तिच्या नावामागचे परके गाव सुटायला वेळ लागला. तरी तिला एक सासू होती, आणि ती सासू स्वतः मवाबात दहा वर्षे परकी म्हणून राहून आलेली. परकेपण भोगलेली सासू मिळणे हे रूथचे मोठे भाग्य. झाबवालाबाईंच्या निबंधात ती जागा रिकामी आहे.

१९७५ साली बाई न्यू यॉर्कला गेल्या, पुढे अमेरिकेच्या नागरिक झाल्या व २०१३ साली तेथेच वारल्या. एवढ्यावरून त्या भारतात रुजल्या नाहीत असा निवाडा देणाऱ्यांनी जूडी आधी वाचावी. तिच्यातही एक उणीव आम्हांला जाणवली, ती भाषेची. कादंबरी इंग्रजीत असल्याने जूडी आणि भुआजी यांचे बोलणेही इंग्रजीतच येते. वसईच्या घरात आलेल्या परक्या सुनेला मराठी शिकून भागत नाही. घरात सामवेदी, शेजारी वाडवळी, उपासनेत मराठी. ती कुठे अडखळते आणि कोणत्या चुकीवर सासू पहिल्यांदा हसते, त्यावरून तिची प्रगती घरच्यांना कळते. जूडीचे ते अडखळणे कादंबरीत आम्हांला ऐकू आले नाही.