निसर्गचित्र की मंजरकशी?

'लँडस्केप'ला मराठीत आपण निसर्गचित्र म्हणतो. अडचण इथूनच सुरू होते. शब्दातच निसर्ग असल्याने डोंगर, नदी, झोपडी एवढेच कागदावर उतरते. उर्दूत मंजरकशी म्हणतात. मंजर म्हणजे नजरेस पडते ते. त्यात पत्र्याची शेडही येते आणि सांडपाण्याचा नालाही.

मंजरचा हा अर्थ मराठी चित्रकारांत सुधीर पटवर्धन यांनी खरा करून दाखवला. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. भिवंडीशेजारच्या ठाण्यात त्यांनी २००५ पर्यंत व्यवसाय केला. इंग्लंडच्या एल. एस. लाउरी यांनीही गिरण्यांची गावे रंगवली, पण त्यांची माणसे काड्यांसारखी बारीक. पटवर्धनांच्या 'ट्रेन' (१९८०) मधल्या माणसांच्या अंगाला वजन आहे. कष्टकऱ्याला गर्दीतला ठिपका न मानणे, हे आम्हाला त्यांचे मोठेपण वाटते.

त्यांच्या 'लोअर परळ' (२००१) मध्ये गिरणगावाचे बदलते रूप आहे. या चित्राचा दुसरा अर्धा भाग मात्र भिवंडीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचे पुष्कळ काम यंत्रमागांकडे वळले. तो अर्धा भाग अजून कोऱ्या कॅनव्हासवरच आहे, असे आम्हाला वाटते.

त्याला कारणही आहे. गिरणीची चिमणी दुरून दिसते. यंत्रमाग बंद शेडमध्ये चालतो. रस्त्यावर येतो तो फक्त खडखडाट. उंचावरून शहर पाहण्याची रीत इथे अपुरी पडते. चित्रकाराला आत शिरावे लागेल: दिवसाही जळणारी ट्यूबलाइट, केसांवर बसलेला कापसाचा पांढरा थर, एकाच कारागिराच्या वाट्याला आलेले अनेक माग, दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलणारा माणूस. आवाज रंगवता येत नाही, पण आवाजाने वाकवलेली माणसे रंगवता येतात.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कितीतरी माग भंगारात गेले, गावाभोवती गोदामे उभी राहिली. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. आमच्या मुलांना त्यासाठी नारळाची झाडे पाठ करून घ्यायची गरज नाही. त्यांच्या स्मरणात अब्बांची रात्रपाळी आहे. ती कागदावर उतरू द्यावी. लूम थांबल्यावर हा मंजर सांगणारे दुसरे कोणी उरणार नाही.